शाउट, ओरड आणि हाक

माझं माहेर दांडी. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "गांधीजींचं?" नाही हो. १९३० साली गांधीजी चालत गेले ती दांडी गुजरातेत, नवसारीजवळ. आमची दांडी पालघर जिल्ह्यात, बोईसर स्टेशनला उतरून पश्चिमेला समुद्राच्या दिशेनं गेलं की लागते. एका बाजूला नवापूर, दुसऱ्या बाजूला खाडी, पुढ्यात अरबी समुद्र. शाळेत असताना मी एकदा तापामुळे दोन दिवस गेले नाही, तर "दांडीच्या मुलीनं दांडी मारली" हा विनोद वर्षभर पुरला होता. असो.

या गावाची एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लगेच लक्षात येते. आम्ही मोठ्यानं बोलतो. पहिल्यांदा सासरची मंडळी आली तेव्हा सासूबाई माझ्या नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या, "यांचं भांडण झालंय का रे?" भांडण कसलं, माझी आई आणि काकू चहात साखर किती घालायची ते ठरवत होत्या.

समुद्राच्या काठी राहणाऱ्याला हळू बोलून चालत नाही. लाटांचा आवाज कधी थांबत नाही, वारा शब्द पळवून नेतो, होडीवर इंजिन धडधडत असतं. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, त्याला शास्त्रात नावसुद्धा आहे. एत्येन लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १९११ साली हे मांडलं, म्हणून तो लोंबार्ड परिणाम. मी हे वाचलं तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू. म्हणजे आमच्या अख्ख्या गावाला लोंबार्ड परिणाम झालाय, आणि तो पिढ्यानपिढ्या उतरलाच नाही!

पण आज लिहायला बसले ते एका इंग्रजी शब्दामुळे. शाउट.

हा शब्द माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आला तो शाळेत. "डोंट शाउट" हे मी शिकलेल्या पहिल्या चार-पाच इंग्रजी वाक्यांपैकी एक. बाकीची सिट डाउन, स्टँड अप वगैरे. वर्गात मी उत्तर द्यायला उभी राहिले की बाई कानावर हात ठेवून म्हणायच्या, डोंट शाउट. त्याचा अर्थ मी लावला तो "ओरडू नकोस". मला प्रश्न पडायचा, मी कुठं कुणाला ओरडले? मी तर पाढा म्हणत होते.

मराठीत 'ओरडणे' या क्रियापदाची एक गंमत आहे. आई मला ओरडली, याचा अर्थ आईनं आवाज चढवला असा होईलच असं नाही. माझी एक आत्या इतक्या हळू आवाजात ओरडायची की पलीकडच्या खोलीत कळायचंही नाही, पण जिला ओरडायची तिच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. ओरडणं म्हणजे रागावणं, दटावणं. आपण ओरडा खातो, ओरडा बसतो. आणि त्याच वेळी कावळा ओरडतो, फेरीवाला ओरडतो, त्यात राग नसतो. एकाच शब्दाला दोन्ही कामं. त्यामुळे "डोंट शाउट" ऐकलं की मला दोन आरोप एकदम झाल्यासारखे वाटायचे. आवाज मोठा आहे, आणि मी रागीट आहे.

दुसऱ्यांदा हा शब्द भेटला तो नोकरीत. मी तेव्हा बोईसरहून शटलनं विरार आणि तिथून लोकलनं अंधेरी असा प्रवास करायची. (चर्चगेटहून सुटणारी लोकल थेट डहाणूपर्यंत यायला २०१३ साल उजाडलं. त्याआधी गाड्या बदलण्यात अर्धं आयुष्य गेलं.) पहिल्या वर्षाच्या शेवटी साहेबांनी कामाचा आढावा घेतला. काम चांगलं, हिशेब चोख, वेळेवर येते. आणि शेवटच्या ओळीत, सहकाऱ्यांशी शाउट करून बोलते. मी तो कागद घरी आणला नाही. आईला काय सांगणार होते? ती रोज पहाटे पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसायची. तिचा आवाज हेच तिचं दुकान होतं. त्या आवाजावर आमच्या फिया भरल्या गेल्या, आणि लेकीच्या कागदावर तोच आवाज दोष म्हणून लिहून आला होता.

त्यानंतर मी आवाज कमी केला. प्रयत्नपूर्वक. फोनवर तर इतकी हळू बोलायला लागले की आई म्हणायची, "बरं नाही का गो तुला?"

आता परवाची गोष्ट. परवाची म्हणजे गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. मुंबईत वाढलेली, इंग्रजी शाळेत जाणारी. सुट्टीत आम्ही चार-पाच दिवस दांडीला होतो. बाबा आता चौऱ्याहत्तरचे झाले. होडीवर जाणं केव्हाच थांबलं, पण सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर फेरी मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्या संध्याकाळी नात सोबत गेली. भरती लागायची वेळ होती. ती शिंपले वेचत वेचत पुढे ओहळाच्या पलीकडे गेली आणि बाबांच्या लक्षात आलं की मधे पाणी चढतंय. त्यांनी जिथं होते तिथूनच तिला बोलावलं. बाबांच्या पद्धतीनं बोलावलं, म्हणजे किनाऱ्यावरचे सगळे पक्षी उडाले असणार.

पोर धावत घरी आली ती रडतच. मला बिलगून म्हणाली, "आजोबा शाउटेड ॲट मी."

मागोमाग बाबा आले. त्यांना ती रडतेय एवढं दिसलं, ऐकू काही आलं नाही. "काय म्हणते ती?" त्यांनी मला विचारलं.

आणि मी अडकले. काय सांगू? मी सरळ मराठी केलं. "तुम्ही ओरडलात म्हणते."

बाबांचा चेहरा उतरला. "ओरडलो? मी कुठं ओरडलो? मी हाक मारली."

बास. एवढंच बोलले आणि पडवीत जाऊन बसले. पुढचे दोन दिवस आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. बाबा नातीशी अगदी हळू बोलायला जायचे, इतकं हळू की ओठ हलताना दिसायचे आणि आवाज यायचा नाही. ज्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही त्याला तो मोजून मापून कसा काढता येणार? शेवटी त्यांनी बोलणंच बंद केलं. नुसत्या खुणा. मला ते बघवेना. मोठ्यानं बोलणाऱ्या बापाची मला आयुष्यभर थोडी लाज वाटली होती हे कबूल करते. पण गप्प बसलेला बाप जास्त भीतीदायक असतो हे त्या दोन दिवसांत कळलं.

बाबांच्या कानांचं थोडं सांगायला हवं. चाळीसेक वर्षं डिझेल इंजिनाच्या शेजारी गेली. सतत पंच्याऐंशी डेसिबलच्या वर आवाज कानावर पडत राहिला की आतल्या नाजूक पेशी मरतात, आणि त्या परत येत नाहीत. कानाच्या डॉक्टरांनी मला आलेख काढून दाखवला होता. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. क, त, स, फ अशी अक्षरं, पाखरांची किलबिल आणि लहान मुलांचा बारीक आवाज. खालच्या पट्टीतलं बरंच शिल्लक राहतं. म्हणून बाबांना ट्रकचा हॉर्न ऐकू येतो आणि नातीचं बोलणं येत नाही. मशीन घेऊन दिलंय. ते फडताळात डबीत सुखरूप आहे.

तर हाक. बाबा म्हणाले ते माझ्या डोक्यातून जाईना. इंग्रजीत हाकेला काय म्हणायचं? मी मुलीला कसं सांगणार होते की हे शाउट नव्हतं?

सुट्टीवरून परत आल्यावर मी शब्दकोश घेऊन बसले. (ही माझी जुनी खोड. अडलं की शब्दकोश.) मराठीत काय श्रीमंती आहे बघा. हाक, हाळी, साद, आरोळी, कुकारा, पुकारा, गलका, कल्ला, किंकाळी, बोंब. साद घातली जाते, हाळी दिली जाते, आरोळी ठोकली जाते, हाक आणि बोंब मात्र मारायची. बोंब तर नुसत्या तोंडानं होतच नाही, त्याला पालथा हात तोंडावर मारावा लागतो, शिमग्याला सगळ्यांनीच मारलेली असते. आणि गावभर ज्याच्या नावानं बोंबा मारल्या जातात त्या माणसाचा आणि आमच्या बोंबलाचा काही संबंध नाही, हेही नमूद करते. बोंबील बिचारा अगदी मुका असतो.

आणि एक शब्द मला वर्तमानपत्रात सापडला, जो मी वर्षानुवर्षं वाचत होते आणि कधी थांबले नव्हते. ओरड. "मासळी मिळत नसल्याची मच्छीमारांची ओरड." "दूषित पाण्याबाबत ग्रामस्थांची ओरड." आपण मच्छीमार काही मागितलं की ती ओरड होते. कारखानदारांनी तेच मागितलं की ती मागणी असते, फार तर निवेदन. माझं म्हणणं खोटं वाटत असेल तर आठवडाभर जिल्ह्याचं पान वाचून बघा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी आमच्या भागातल्या खाड्यांत आणि समुद्रात येतं याची 'ओरड' मी लहानपणापासून ऐकत आले. मांगेला समाजाच्या परिषदेनं २०१६ साली ती राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली आणि २०२२ च्या जानेवारीत लवादानं प्रदूषणाची भरपाई भरायला सांगणारा निकाल दिला. कागदावर, वकिलामार्फत गेली तेव्हा तिला याचिका म्हणाले. गोष्ट तीच होती.

मग इंग्रजीकडे वळले, आणि तिथे मला वाटलं होतं त्याच्या उलटच निघालं.

आपण रोज शंभर वेळा म्हणतो तो 'कॉल' मुळात ओरडण्याचाच शब्द आहे. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या जुन्या भाषेत 'काल्ला' म्हणजे मोठ्यानं हाक मारणं, तिथून तो इंग्रजीत आला. आता आपण कॉल करतो तेव्हा तोंडावर हात धरून कुजबुजतो. 'स्लोगन' हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला, त्याचा अर्थ फौजेची आरोळी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याच्या आधी कितीतरी वर्षांपासून आमच्या किनाऱ्यावरची माणसं मोर्च्यात ज्या घोषणा देत होती, त्या मूळ अर्थानं स्लोगन होत्या.

आणि 'हॅलो'! टेलिफोनवर काय म्हणायचं याचा प्रश्न होता तेव्हा ग्रॅहॅम बेलचं मत 'अहॉय' असं होतं, म्हणजे एका जहाजानं दुसऱ्याला मारायची हाक. एडिसननं १८७७ साली 'हॅलो' सुचवलं आणि तेच टिकलं. पण या हॅलोचं मूळ शोधत मागे गेलं की जुन्या जर्मन भाषेतली एक हाक सांगतात. ती कुणाला मारायची? तर पैलतीरावरच्या नावाड्याला. "नाव घेऊन ये रे!" अशी. म्हणजे दोन्ही शब्द पाण्यावरचेच. मी अंधेरीच्या ऑफिसात ज्या फोनवर हळू आवाजात हॅलो म्हणायला शिकले, तो शब्द खरं तर खाडीच्या काठावर उभं राहून पोटातून मारायचा होता. हे साहेबांना कोणी सांगायचं!

राहता राहिला शाउट. त्याचीही एक वस्ती नाही. इंग्रजीत शाउट 'ॲट' केलं तर राग, आणि शाउट 'टू' केलं तर समोरचा लांब आहे म्हणून मोठ्यानं बोलणं. एवढ्याशा दोन अक्षरी शब्दावर सगळा न्यायनिवाडा. माझ्या मुलीनं 'ॲट' म्हटलं होतं, घडलं होतं 'टू'. काही लागलं तर "गिव्ह मी अ शाउट" म्हणजे मला सांग, बोलव. कुणाचं जाहीर कौतुक करायचं तर 'शाउट-आउट', हल्ली मुलं रोज देतात. इंटरनेटवर सगळी अक्षरं मोठ्या लिपीत टाइप केली तर ते शाउटिंग, १९९५ सालच्या इंटरनेट शिष्टाचाराच्या नियमांत तसं लिहूनच ठेवलंय. (देवनागरीत ही सोय नाही. आपल्याला ओरडायचं तर उद्गारचिन्हं वाढवावी लागतात.) आणि ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये "माय शाउट" म्हणजे या वेळचं बिल माझं, सगळ्यांना मी पाजतो! काय दिलदार ओरडणं आहे.

पण मी शोधत होते तो अर्थ सगळ्यात शेवटी सापडला. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर बुडत्या माणसांना वाचवायला जाणाऱ्या बोटींची एक संस्था आहे, आरएनएलआय. १८२४ साली सुरू झाली. या बोटींवर जाणारी बहुतेक माणसं स्वयंसेवक, आपापला कामधंदा सांभाळणारी. पूर्वी संकटाचा निरोप आला की आकाशात बार उडवून त्यांना गोळा करायचे, आता खिशातला पेजर वाजतो. वाजला की माणूस जेवणावरून उठतो, दुकान उघडं टाकतो आणि धक्क्याकडे धावतो. असं बोलावणं आलं आणि बोट समुद्रात गेली, त्याला ते लोक काय म्हणतात? 'अ शाउट'. काल रात्री दोन शाउट झाले, म्हणजे दोनदा कुणालातरी वाचवायला गेलो.

हे वाचलं आणि मला ती रात्र आठवली.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. थंडीचे दिवस. तेव्हा मोबाईल नव्हते, छोट्या होड्यांवर वायरलेसही नव्हता. बाबा त्या दिवशी लवकर परत आले होते आणि झोपले होते. मध्यरात्री ते अचानक उठून बसले. "कोणतरी हाक मारतंय." आई म्हणाली, कुणी नाही, झोपा. बाबा दार उघडून बाहेर गेले आणि उभे राहिले. मी त्यांच्या मागे. बाहेर दाट धुकं, वारा पूर्ण पडलेला. मला काही ऐकू आलं नाही. बाबांनी हात वर केला, गप्प राहा म्हणून. मग म्हणाले, "खाडीच्या तोंडाशी."

आज मला त्याचं कारण सांगता येईल. अशा रात्री पाण्यालगतची हवा गार असते आणि वरची त्यामानानं उबदार. आवाज वर निघून जाण्याऐवजी वाकून पुन्हा पाण्यावर उतरतो आणि एरवीपेक्षा खूप लांब जातो. मतलई वाहत असती, म्हणजे वारा जमिनीकडून समुद्राकडे असता, तर तीच हाक किनाऱ्यापर्यंत पोचली नसती. पण हे आज. तेव्हा मला वाटलं होतं की माझ्या बापाला जादू येते.

बाबांच्या चुलतभावाची होडी होती ती. इंजिन बंद पडलेलं, वल्ही होती, पण धुक्यात किनारा कुठल्या दिशेला आहे तेच कळेना, आणि एका बाजूला खडक. कंदील लावून उपयोग नव्हता, दहा हातांवरचं दिसत नव्हतं. मग बाबांनी घराघरांपुढे जाऊन आरोळी ठोकली. पाच मिनिटांत सगळी आळी रेतीवर. चार जण होडी लोटून पाण्यात गेले आणि उरलेले आम्ही काठावर उभे राहून हाका मारायला लागलो. आलटूनपालटून, खंड न पडू देता. कारण हाक हीच त्या रात्री दीपस्तंभ होती. त्यांनी आवाजाच्या रोखानं वल्हवत यायचं होतं. आज्या, काकवा, पोरं, सगळे. मीसुद्धा.

तेव्हा बाबांनी मला हाक मारायला शिकवली. पाण्यात जाण्याआधी, अर्ध्या मिनिटात. "गळ्यातून नको. गळा फाटेल आणि जाणार पण नाही लांब. पोटातून काढ. आणि शेवट लांबव." मग त्यांनी करून दाखवलं, "होऽऽऽऽऽ". शब्द नाही, नुसता स्वर. व्यंजनं पाण्यावर टिकत नाहीत, स्वर टिकतो. बारीक आवाज लवकर विरतो, जाड आवाज लांब जातो. ओरडणं आणि हाक यात हा फरक आहे, ओरडताना आपण आपल्या गळ्याचा विचार करतो, हाक मारताना समोरच्याच्या कानाचा.

किती वेळ गेला माहीत नाही. मग धुक्यातून उलट हाक आली. अगदी स्पष्ट. आणि त्यानंतर दोन्ही होड्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले तर तोंडातून आवाज निघेना. बाई म्हणाल्या, आज वर्ग कसा शांत आहे! सगळे हसले. मला सांगायचं होतं, पण घसाच नव्हता सांगायला. नंतर कधी सांगितलंही नाही. बाबांना वेगळं काही वाटलं नव्हतं, गावातही कुणी त्याचा फारसा उल्लेख केला नाही. हाक आली, ओ दिली. संपलं.

हे सगळं मी एका रविवारी मुलीला सांगितलं. धुकं, होडी, बार उडवणारे ते ब्रिटिश कोळी, नावाड्याचं हॅलो, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आजोबांनी माझ्यासाठी शाउट केला? त्या बोटवाल्यांसारखा?"

मी म्हटलं, हो. तसाच.

"मला वाटलं ते रागावले."

चूक तिची नव्हती. तिच्या जगात मोठा आवाज म्हणजे रागच. फ्लॅटमध्ये, वर्गात, गाडीत, सगळे हाताच्या अंतरावर असतात. तिथे मोठ्यानं बोलायचं दुसरं कारणच काय? हाकेला अंतर लागतं. जिथे अंतर उरलं नाही तिथे हाक उरली नाही, नुसतं ओरडणं उरलं. चूक असलीच तर माझी होती. तिला दोन भाषा येतात, बाबांना एक, आणि मधला पूल मी. पुलानं भाषांतर करताना हाकेचं ओरडणं करून टाकलं. आणि खरं सांगू का, मला वाटतं मी ते बऱ्याच आधीपासून करत आले होते. आढाव्याचा तो कागद मी फाडून टाकला होता खरा, पण तो खरा मानला होता.

महिन्याभरानं आम्ही पुन्हा दांडीला गेलो, शनिवार-रविवार. बाबा नातीशी अजून खुणांनीच बोलत होते. संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "आजोबा, मला हाक शिकवा." त्यांना ऐकू आलं नाही. तिनं त्यांचा हात धरून पोटावर थोपटलं आणि तोंड उघडून दाखवलं. मग समजलं.

ओहोटी होती, किनारा लांबच लांब पसरलेला. बाबा तिला तिथेच उभी करून चालत पुढे गेले, चांगले शंभरेक पावलं, आणि आमच्याकडे पाठ करून थांबले. तिनं हाक मारली. बारीक, किनरी, अगदी शाळेच्या मैदानावरची. बाबा हलले नाहीत. तिनं पुन्हा मारली. नाही. डॉक्टरांनी काढलेला तो आलेख मला दिसत होता, उजवीकडे घसरत गेलेली रेघ. माझ्या पोटात कालवलं. ही त्यांना कधीच ऐकू जाणार नाही असं वाटून गेलं.

"गळ्यातून नको," मी म्हटलं. "पोटातून. आणि शेवट लांबव."

तिनं पाय रोवले, श्वास घेतला. "आबाऽऽऽऽऽ होऽऽऽऽऽ"

बाबा वळले.

आता ते हाक ऐकून वळले, की एवढा वेळ झाला म्हणून बघायला वळले, हे मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही. वळले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जी काही ओ दिली म्हणता! नवापूरपर्यंत गेली असेल. पोर आनंदानं उड्या मारायला लागली. पाखरं उडाली ती उडालीच.

परत आल्यापासून आमच्या घरात एक बदल झालाय. मुलीला स्वयंपाकघरातून काही हवं असलं की ती खोलीतून पोटातून हाक मारते, शेवट लांबवून. मी तिला "डोंट शाउट" म्हणत नाही. ओ देते. मीही ऑफिसात थोडी मोकळी बोलायला लागलेय, परवा एकीनं विचारलं, आज खूश दिसतेस.

शेजारच्यांची तक्रार अजून आलेली नाही. आली तर त्यांना चहाला बोलवीन म्हणते. माय शाउट!